ताईचं दुसरं बाळंतपण, पहिलं सिझर. कार्डावर करणारी चांगली डॉक्टरीणबाई परभणी-बीडकडं कुठं आहे?

पाथरीकर_भाऊ

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या बहिणीला सातवा महिना चालूय. सासर माजलगाव तालुक्यात, पण बाळंतपण माहेरीच करायचं असं आईच्या मनात आहे, आमचं गाव पाथरीच्या जवळ. पहिलं लेकरू सिझरनं झालंय, ते खाजगीत केलं होतं अन् दाजींनी सोयाबीन विकून बिल भरलं. यंदा तशी परिस्थिती नाही, शेतीचं काय झालंय ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आयुष्मान नाहीतर फुले या सरकारी मोफत उपचाराच्या योजनेच्या कार्डावर होत असंल तर बघावं म्हणून फोन करायलो तर एक जण म्हणतंय मॅडम कार्ड घेत नाहीत, दुसरीकडं म्हणले चालतंय या, तिथं ताईला घेऊन गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो कार्ड चालतं पण हाडाच्या ऑपरेशनला, डिलिव्हरीला नाही. एवढं पोट घेऊन ती एसटीत उभं राहून आली होती हो.

तर परभणी, बीड, अंबाजोगाई नाहीतर संभाजीनगर, कुठंबी चालंल, आयुष्मान नाहीतर फुले योजनेत डिलिव्हरी करणारी स्त्रीरोगतज्ज्ञ कोणाला माहीत आहे का? महिन्याच्या तपासण्या पण त्यातच बसतात का? रक्त (हिमोग्लोबिन) 8.6 आलंय. आधीच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या यावेळी पण सिझरच करावं लागंल. अन् ताईचं नाव सासरच्या केसरी कार्डात आहे, ते बीड जिल्ह्यातलं, परभणीत चालंल का तेपण सांगा.

उपकेंद्राची_सिस्टर

भाऊ मी एएनएम म्हणजे उपकेंद्राची नर्स आहे, बरीच वर्षं याच कामात गेली म्हणून सांगते. कार्ड कोण घेतं हे शोधायच्या आधी ताईला कसला दवाखाना पाहिजे ते ठरवा. पहिलं सिझर आहे म्हणजे पिशवीवर जुना टाका आहे. कळा सुरू झाल्या की तो ताणला जातो, क्वचित उसवतो, अन् उसवला तर आई-लेकरू दोघांच्या जिवावर बेततं, तेव्हा गाडी बघा, डॉक्टर बोलवा, रक्त आणा असं करायला वेळ राहत नाही. म्हणून भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर अन् रक्त रात्री-बेरात्री पण जिथं हाताशी आहे तिथंच बाळंतपण झालं पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे करायचं नाही, अन् दिवसातून एकदा डॉक्टर चक्कर मारतात अशा दोन खाटांच्या खाजगी नर्सिंग होममध्ये तर मुळीच नाही.

आणि अशी सोय फुकटात सरकारीतच आहे, त्याला कार्ड लागतच नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून चालू आहे, तरी आपल्याकडं अर्ध्या घरांना पत्ता नाही याचं मला लई वाईट वाटतं. सरकारी दवाखान्यात नॉर्मल असो का सिझर, ऑपरेशन, औषधं, लघवी-रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, लागलं तर रक्त, सगळं मोफत. जेवण पण, नॉर्मलला 3 दिवस अन् सिझरला 7 दिवस. घरून न्यायला अन् बाळंतिणीला परत घरी सोडायला 102 ची गाडी. लेकरू आजारी पडलं तर वर्षाचं होईपर्यंत त्याचा उपचार पण. उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत, रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत, कितवं बाळंतपण तेपण विचारत नाहीत, अन् सासरचा जिल्हा माहेरचा जिल्हा हा तर प्रश्नच नाही.

माहेरी आणणार असाल तर परभणीचं स्त्री रुग्णालय धरा, सासरी राहिली तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज. बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अन् फारच गुंतागुंत निघाली तर संभाजीनगरची घाटी, म्हणजे तिथलं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. आता सातव्यातच ठरवा अन् तिथं जाऊन नाव नोंदवा, कळा आल्यावर पहिल्यांदा तोंड दाखवू नका.

तपासणीचं विचारलंत. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान म्हणतात, 2016 पासून आहे. त्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ बसतात, एक पैसा लागत नाही. ताईला नेलं की तिच्या माता-बाल कार्डावर लाल स्टिकर लावतील, घाबरू नका, जोखमीचं बाळंतपण आहे एवढाच त्याचा अर्थ, अन् पुढं ते कार्ड जिथं दाखवाल तिथं तिच्याकडं आधी लक्ष जातं. जाताना पहिल्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड न्यायला विसरू नका. सिझर कशामुळं केलं होतं अन् पिशवीवर छेद कसा घेतला होता हे त्यात लिहिलेलं असतं, त्यावरच यावेळी नॉर्मलचा प्रयत्न करायचा का सरळ सिझर हे डॉक्टर ठरवतात. सोनोग्राफीत वार (बाळाची नाळ जिला जोडलेली असती ती) कुठं आहे तेपण मुद्दाम विचारा, जुन्या टाक्यावर खाली चिकटलेली असली तर मग मेडिकल कॉलेजशिवाय दुसरीकडं जायचंच नाही.

आता रक्त. गरोदरपणात 11 च्या खाली गेलं की कमीच धरतात, 8.6 म्हणजे चांगलंच कमी. ताई लोहाच्या गोळ्या घेते का हे विचारू नका, पाकीट बघा. मळमळतंय, संडास काळी होती म्हणून कितीतरी बाया गोळ्या तांदळाच्या डब्यात नाहीतर देवघरात ठेवून देतात अन् विचारलं की "हो घेते की" म्हणतात. चहासोबत गोळी घेतली तर ती अंगी लागत नाही, कॅल्शियमची गोळी पण त्याच वेळी घ्यायची नाही, लिंबूपाण्यासोबत घ्या. आणि सातवा लागलाय म्हणल्यावर नुसत्या गोळीवर थांबू नका, आयर्न सुक्रोजचं सलाईन देता का म्हणून 9 तारखेला डॉक्टरला स्वतःहून विचारा, सरकारीत ते फुकट मिळतं. सिझरच्या टेबलावर ती 8 रक्त घेऊन जायला नको.

जुना_आरोग्यमित्र_जालना

सिस्टरनी मुद्द्याचं सगळं सांगितलंय. मी कार्डापुरतं सांगतो, एका दवाखान्यात योजनेच्या डेस्कवर बसायचो, हीच भांडणं रोज समोर व्हायची.

योजना डॉक्टरसोबत नसती, दवाखान्यासोबत असती, अन् दवाखान्यातल्या पण सगळ्या विभागांना नसती. एखादा दवाखाना हाडं आणि किडनीसाठी योजनेत असतो अन् त्याच इमारतीत बाळंतपणाचा विभाग नसतो, बाहेर बोर्ड मात्र एकच, "येथे योजना चालते". तुमच्या ताईसोबत तेच झालं. फोनवर हो म्हणून गरवार बाईला बोलवायचं अन् मग काउंटरवरून परत पाठवायचं हे फार वाईट आहे, फोन उचलणाऱ्याला एक प्रश्न जास्तीचा विचारता येत नाही का. बरं विभाग योजनेत असला तरी जी ऑपरेशनं यादीत आहेत तेवढीच होतात, त्यातली काही फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखून ठेवलेली आहेत. ओपीडीची तपासणी, दर महिन्याची सोनोग्राफी, गोळ्या हे योजनेत येतच नाही, ॲडमिट होऊन करायच्या उपचारालाच ती आहे. म्हणून खाजगीत कार्डावर बाळंतपण होईल असं धरून चालू नका, त्या भरवशावर नववा महिना गाठलेले लोक मी बघितलेत.

विचारायचं असंल तर "कार्ड चालतं का" असं विचारूच नका, उत्तर चुकीचंच येतं. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या डेस्कवरच्या माणसाला गाठायचं, रिसेप्शनला नाही, अन् म्हणायचं की तुमच्याकडं स्त्रीरोग विभाग योजनेत आहे का, अन् हे हे ऑपरेशन मंजुरीला टाकता येतं का. नाहीतर 155388 ला नाहीतर 1800 233 2200 ला लावा, जिल्हा अन् आजार सांगा, ते दवाखान्यांची नावं देतात.

रेशनकार्ड राज्यात कुठंही चालतं, बीडचं परभणीत चालणारच. पहिलं ह्या योजनेचं नाव जीवनदायी होतं, 2012 ला आठ जिल्ह्यांत सुरू झालं, त्यात मराठवाड्यातून नांदेड होतं. नंतर फुले योजना नाव झालं. आपल्या आठही जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सातबारा दाखवून त्यात घ्यायचे. 1 जुलै 2024 पासून पिवळं, केसरी, पांढरं सगळ्यांनाच आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखापर्यंत. वेगळं कार्ड काढलेलं नसलं तरी रेशनकार्ड अन् आधारवर काम होतं. फक्त रेशनकार्ड ऑनलाईन झालंय का अन् त्यात ताईचं नाव दिसतंय का हे रेशन दुकानदाराकडून आजच बघून घ्या, ॲडमिट झाल्यावर नाव नाही निघालं की तहसीलला पळापळ होते.

एका ठिकाणी मात्र हे कार्ड खरंच कामाला येतं, कागद जवळ ठेवा. लेकरू कमी दिवसाचं झालं, काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली अन् सरकारीत जागा नसली तर खाजगीतल्या एनआयसीयूचं बिल माणसाला शेत विकायला लावतं. नवजात बाळाचे उपचार योजनेत आहेत. बाळाचं नाव रेशनकार्डात नसणारच, तेव्हा बाळाचा आई नाहीतर बापासोबतचा फोटो, जन्माचा दाखला अन् आईबापाचं रेशनकार्ड एवढ्यावर काम होतं. खूप लोकांना हे माहीत नसतं अन् ते पहिल्याच दिवशी रोख भरून मोकळे होतात. इमर्जन्सी असली तर आरोग्यमित्र फोनवर कळवून भरती करून घेतो, कागद मागून देता येतात. योजनेत भरती करून वरून पैसे मागितले तर पावती मागा अन् तिथूनच 155388 ला तक्रार टाका, घरी आल्यावर नाही.

पाथरीकर_भाऊ

सिस्टर, भाऊ, दोघांचे पण खूप आभार. आई-दाजींना फोनवर वाचून दाखवलं. ताईच्या गोळ्यांची पाकिटं बघायला आईला सांगितलंय. एक शंका, ताईचं जे कार्ड सेतूवाल्यानं काढून दिलं त्यावर 14 आकडी नंबर आहे अन् आभा लिहिलंय, हेच आयुष्मान ना?

जुना_आरोग्यमित्र_जालना

नाही भाऊ. आभा म्हणजे तुमचे रिपोर्ट ऑनलाईन ठेवायचं खातं आहे, त्यावर रुपयाचाही उपचार होत नाही. दोन्हीवर आयुष्मान लिहिलेलं असतं म्हणून लोक फसतात, सेतूवाल्यांनी देताना सांगायला पाहिजे. आयुष्मानचं कार्ड वेगळं, त्याला केवायसी करून घेतात. पण ते नसलं म्हणून अडत नाही, रेशनकार्ड वर सांगितलं तसं बघून ठेवा.

वाळूजची_सून

यात कोणी ईएसआयचं (कामगार विम्याचं) लिहिलं नाही म्हणून लिहिते. दाजी नाहीतर ताई कुठं कंपनीत कामाला आहेत का? पगार 21,000 च्या आत असंल अन् पगाराच्या स्लिपवर ईएसआय कापत असंल तर बायकोचं बाळंतपण त्यात बसतं. आमच्याकडं वाळूज, चिकलठाण्याच्या कंपन्यांतली कितीतरी पोरं वर्षानुवर्षं पैसे कापून घेतात अन् बाळंतपणाला गावाकडं खाजगीत रोख भरतात, कारण ठेकेदारानं कार्डच काढून दिलेलं नसतं. स्लिप मागा, विमा नंबर त्यावर असतो, बायकोचं नाव अन् फोटो त्यात टाकून घ्या. संभाजीनगरात चिकलठाण्याला कामगार विमा रुग्णालय आहे. अन् जिथं ईएसआयची सोय नाही अशा ठिकाणी बाळंतपण झालं तर दोन बाळंतपणांपर्यंत प्रत्येकी 7,500 मिळतात, कामगाराच्या बायकोला पण. बाई स्वतः कामाला असली तर 26 आठवड्यांची पगारी रजा, त्यासाठी आधीच्या दोन वर्गणी-काळांत (सहा-सहा महिन्यांच्या) मिळून 70 दिवस भरलेले लागतात. ठेकेदार बाईला पाचव्या-सहाव्या महिन्यात घरी बसवतो ते याच्यासाठीच, तेव्हा बायांनो स्लिपा जपून ठेवा.

मानवतची_आई

भाऊ माझं पण दुसरं होतं, पहिलं सिझर. सासूबाईंचा सरकारीवर भरवसा नव्हता म्हणून गावातल्या एका खाजगीत दाखवत होतो, त्यांनी शेवटपर्यंत "बघू" म्हणलं अन् कळा सुरू झाल्यावर रात्री सांगितलं की भूलवाले डॉक्टर नाहीत, दुसरीकडं न्या. 108 मध्ये बसून सरकारीला गेले. तिथं मात्र डॉक्टर पोरी जाग्या होत्या, लगेच आत घेतलं, माझ्या लेकराचा आवाज मी टेबलावरच ऐकला. म्हणून सांगते, पहिल्यापासून तिथंच दाखवा.

गर्दी असती, एका खोलीत बऱ्याच बाळंतिणी असतात, नातेवाईक व्हरांड्यात झोपतात. त्याची तयारी ठेवून जा. जुन्या सुती लुगड्याचे धुतलेले तुकडे, थर्मास, ताट-पेला, ताईच्या पायात घालायला सपाता, अन् सोबत एक अशी बाई द्या जिला बोलता येतं. नर्सला दहा वेळा विचारायला लाजणारी सोबतीण काय कामाची. आमच्या नणंदेनं टाक्यातून रक्त जास्त यायलंय हे बघून सिस्टरला ओढून आणलं होतं. एखादं औषध बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी दिली तर गुपचूप मेडिकलला पळू नका, आत जाऊन अधीक्षक साहेबांना चिठ्ठी दाखवा, आमची तर चिठ्ठी दाखवल्यावर आतूनच मिळाली.

दुसरी मुलगी झाली तर मातृवंदना योजनेचे 6,000 मिळतात, अंगणवाडीताई नाहीतर आशाताईकडं फॉर्म भरा.

धारूरची_लेक

विषय थोडा वेगळा आहे पण इथं सिस्टर आहेत म्हणून विचारते. माझी आई 41 वर्षांची, ऊसतोडीला जाते. पाळी आठ-दहा दिवस चालते, अंगावरून फार जातं. एका दवाखान्यात सोनोग्राफी केली अन् म्हणले पिशवीला सूज आहे, काढून टाका नाहीतर पुढं कॅन्सर होईल, कार्डावर बसवून देऊ तुम्हाला खर्च नाही. आईला पण वाटायलंय की फुकट होतंय तर कारखान्याला जायच्या आधी करून घ्यावं, परत मुकादमाकडून उचल (कामाचे आगाऊ पैसे) घेतल्यावर सुट्टी मिळत नाही. करावं का?

उपकेंद्राची_सिस्टर

ताई, आईला थांबवा. फुकट आहे हे पिशवी काढायचं कारण होऊ शकत नाही, अन् "सूज आहे, कॅन्सर होईल" एवढ्या एका वाक्यावर आपल्या बीड जिल्ह्यात किती बायांच्या पिशव्या गेल्या ते तुम्ही धारूरच्या म्हणल्यावर मी काय सांगू. 2019 ला आमदार नीलम गोऱ्हेंच्या समितीपुढं आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. तिशी-पस्तिशीतल्या बाया होत्या त्यात. माझ्या गावातल्या बाया मी बघते, पाळीचा त्रास गेला म्हणून बरं वाटतं, अन् मग कंबर, सांधे, घाम, झोप नाही, मोळी उचलवत नाही. पिशवीसोबत अंडाशय पण काढले असले तर चाळिशीतच म्हातारपण अंगावर येतं, हाडं ठिसूळ होतात. त्या वेळेपासून बीडमध्ये खाजगी दवाखान्याला पिशवी काढायच्या आधी सिव्हिल सर्जनची परवानगी घ्यावी लागते. तुमच्या डॉक्टरांनी ती घेतली का, हे सरळ विचारा, विचारायचा तुमचा हक्क आहे.

कधी कधी पिशवी काढावी लागते हे पण खरं आहे, मोठी गाठ असते, औषधानं रक्तस्राव थांबतच नाही, तुकड्याच्या तपासणीत काही निघतं. पण त्याच्या आधी बाकीचं झालेलं पाहिजे. रक्त किती आहे, थायरॉइड बघितलं का, पिशवीच्या तोंडाची कॅन्सरची तपासणी झाली का, आतल्या अस्तराचा तुकडा तपासला का. चाळिशी ओलांडलेल्या बाईला एवढा रक्तस्राव असंल तर तुकडा तपासायलाच पाहिजे, कॅन्सरची भीती ज्यांनी घातली त्यांनी हीच तपासणी केली नसंल तर त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका. रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या असतात, पिशवीत बसवायची औषधाची तांबी पण असते, त्यावर बऱ्याच जणींचं भागतं.

अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग ओपीडीत न्या, सोनोग्राफीची फिल्म अन् आधीचे सगळे कागद घेऊन. तिकडं लोखंडी सावरगावचं स्त्री रुग्णालय पण आहे, नेकनूरचं कुटीर रुग्णालय जवळ पडत असंल तर तिथून सुरुवात करा. तिथल्या डॉक्टरांनी तपासून काढायलाच पाहिजे म्हणलं तर तिथंच करा, तिथं पण फुकटच होतं. मुकादमाशी कोण बोलणारंय, तुम्ही का वडील? उचल घ्यायच्या आधी तपासणी उरकून घ्या अन् रक्त कमी निघालं तर यंदा आईला मोळीवर चढवू नका. जायच्या आदल्या दिवशी इथं लिहा, कुठले कागद घ्यायचे ते मी परत एकदा बघून सांगते.